वर्दीत काय सांगितलं होतं?

दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या वर्तमानपत्रांत एक लेख हमखास येतो. लेखक बदलतो, छायाचित्र बहुधा तेच असतं: गोदीवर उठलेला धुराचा काळा डोंगर. १४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक, ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज. लेखातले थांबे ठरलेले असतात. जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटकं, त्याच पोटात कापसाचे गठ्ठे, तेलाची पिंपं, आणि सोन्याच्या विटा. त्यांतली एक वीट मैलभर लांब राहणाऱ्या बर्जोरजी मोतीवाला या पारशी गृहस्थांच्या घरात जाऊन पडली आणि त्यांनी ती इमानदारीनं परत केली. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. थेट सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. तेरा जहाजं गेली. मग शेवटच्या परिच्छेदात येतं की अग्निशमन दलाचे ६६ जवान हुतात्मा झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो.

असे लेख मी जमतील तितके वाचत आलो आहे आणि ते मला आवडतात हेही कबूल करतो. गोष्टच तशी आहे, कुणीही सांगितली तरी रंगते. पण एकापाठोपाठ एक वाचले की त्यांचा साचा दिसू लागतो. या लेखांत वस्तू तपशिलानं येतात आणि माणसं आकड्यानं. सोन्याच्या पेट्या ३१ होत्या, प्रत्येकीत चार विटा होत्या, एकेक वीट आठशे ट्रॉय औंसांची होती, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यांतल्या काही पुढे कित्येक वर्षांनी गाळ उपसताना सापडल्या, तेही ठाऊक असतं. ६६ पैकी एकाचंही नाव, हुद्दा किंवा जहाजावरची जागा मला या लेखांत क्वचितच भेटली आहे. विटेचा माग काढता येतो, माणसाचा काढावासा वाटत नाही.

आग लक्षात आली दुपारी दोनच्या सुमारास. पहिला मोठा स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी, दुसरा त्यानंतर सुमारे अर्ध्या तासानं. आपले लेख दोनच्या आगीवरून उडी मारतात ते थेट चार वाजून सहा मिनिटांवर उतरतात. मधले दोन तास एका वाक्यात आटोपतात: ‘जवानांनी आग विझवण्याचे शर्थीचे प्रयत्न केले.’ अग्निशमन दलाच्या बाजूनं पाहिलं तर खरी गोष्ट याच दोन तासांची आहे. स्फोट हा त्यांच्या कामाचा शेवट होता. त्याच्या आधी काय झालं, कोणी काय ठरवलं, काय ठरवायचं राहून गेलं, ते त्यांचं काम.

त्या दोन तासांबद्दल सांगण्यासारखं काही नाही असंही नाही. आग दोन नंबरच्या होल्डमध्ये होती. तिथे कापूस आणि स्फोटकं एकाच पोटात भरलेली होती. जळत्या कापसाचं एक विचित्र असतं. वरून विझल्यासारखा दिसला तरी आत धुमसत राहतो. गोदामात आग विझवणाऱ्या कुणालाही विचारा. जहाजात नऊशे टनांहून जास्त पाणी सोडलं गेलं. पाणी चढत गेलं तसे जळते गठ्ठे तरंगत वर, स्फोटकांच्या दिशेनं सरकत गेले. म्हणजे पाणी मारावं तर आग दारूगोळ्याजवळ जाणार, न मारावं तर तापणार. जहाज धक्क्यापासून ओढून समुद्रात न्यायचं की जागच्या जागी बुडवायचं, यावर वाद होत राहिला. धक्क्यापाशी पाणी इतकं खोल नव्हतं की जहाज पुरतं बुडेल. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे लष्करी जाणकार, अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्ज असे सगळे तिथे होते. सगळ्यांच्या वतीनं एक निर्णय घेईल असा कुणीच नव्हता. आणि हे सगळं बोलणं चालू असताना डेकवर होज धरून माणसं उभी होती. तीन पन्नासला जहाज सोडायचा हुकूम निघाला. उरलेल्या सोळा मिनिटांत त्या होजवाल्यांपैकी कुणापर्यंत काय पोचलं, कुणी पोचवलं? या विषयावरच्या कुठल्याही लेखाचा मध्यबिंदू माझ्या मते हा प्रश्न असायला हवा.

जॉन एनिसचं ‘द ग्रेट बॉम्बे एक्स्प्लोजन’ हे पुस्तक १९५९ साली आलं. पुढच्या बहुतेक कथनांची गंगोत्री तीच. या घटनेच्या वर्णनांत एक प्रसंग येतो, आणि आपल्या एप्रिलच्या लेखांतून तो नेमका गळतो. जहाजावर पोचलेल्या अग्निशमन तुकडीच्या प्रमुखाला आत दारूगोळा आहे हे कळलं. त्यानं माणूस पाठवला: फोन कर आणि नियंत्रण कक्षाला ‘नंबर दोन’चा संदेश दे. नंबर दोन म्हणजे आग मोठी आहे, जास्त कुमक पाठवा. त्या माणसाला जो फोन सापडला त्याला डायल नव्हती आणि पलीकडून कुणी उचलेना. त्यानं शेवटी आगीच्या सूचनेची काच फोडली. काच फोडल्यावर संदेश गेला खरा, पण साध्या आगीचा. तिकडून नेहमीइतकेच दोन पंप निघाले.

विटेच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मला कितीतरी मोठी वाटते. इथे कुणी भित्रा नाही, कुणी निष्काळजी नाही. माहिती होती, ती पुढे पाठवायची इच्छा होती, वाट तेवढी एकच शब्द नेऊ शकत होती: आग.

आपल्याकडे या निरोपाला एक नेमका शब्द आहे: वर्दी. ‘दलाला वर्दी मिळताच चार बंब घटनास्थळी दाखल झाले’, हे वाक्य मराठी बातमीत हजारदा छापून आलं असेल. खोटी वर्दीही असते. शाळेच्या रिक्षावाल्याचीही वर्दी असते, ती वेगळी. हिंदीत मात्र वर्दी म्हणजे गणवेश. एकच शब्द, एका भाषेत अंगावर चढतो आणि दुसऱ्या भाषेत तारेवरून येतो.

हा फरक मला राहुल ढोलकियांचा ‘अग्नी’ पाहताना सारखा जाणवत राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेला हा सिनेमा मुंबईच्या अग्निशमन दलावर आहे. अशा विषयावर मुख्य प्रवाहातला हिंदी सिनेमा निघणं हीच नवलाची गोष्ट. प्रतीक गांधीचा विठ्ठल सुर्वे हा फायरमन आहे आणि त्याचा मेहुणा पोलिसात. घरात मुलाला कौतुक आहे ते पोलीस मामाचं. जितेंद्र जोशी आणि सई ताम्हणकर यांच्यामुळे या घराला आणि स्टेशनला मराठी वासही येतो. सिनेमाची सुरुवातीची चीड खरी आहे: शहर ज्याला आपलं मानतं तो खाकीतला माणूस, आणि धुरातून बाहेर येणारा मात्र बिनचेहऱ्याचा. पण पुढे सिनेमा या चिडीचं करतो काय? शहरात गूढ आगी लागत जातात आणि सगळं कथानक त्या कोण लावतो याच्या शोधाकडे वळतं. म्हणजे फायरमनला मोठं करायचं तर त्याला तपासाच्या गोष्टीत आणावं लागतं, पोलिसाच्या मैदानात उतरवावं लागतं. त्याच्या स्वतःच्या कामात पुरेसं नाट्य आहे यावर सिनेमाचा विश्वास टिकत नाही. ‘अग्नी’ला हिंदी वर्दीची ओढ आहे, मान हवा आहे. मराठी वर्दीकडे, म्हणजे काय कळलं, किती उशिरा, कुणाकडून, याकडे त्याचं लक्ष अधूनमधूनच जातं.

भायखळ्याच्या मुख्यालयातलं स्मारक आणि तिथे १४ एप्रिलला होणारं अभिवादन हेही एक प्रकारचं लेखन आहे, आणि त्याचीही भाषा हीच. शौर्य, बलिदान, कर्तव्य. स्मारकाकडून इतिहासाची अपेक्षा करू नये हे मला मान्य. पुष्पचक्र वाहताना कुणी फोनच्या डायलची गोष्ट सांगत नाही, सांगूही नये. अडचण अशी की स्मारकाची भाषा बाहेर पडून लेखांत, भाषणांत, सिनेमात पसरली आणि दुसरी भाषा तयारच झाली नाही. हौतात्म्य म्हटलं की ‘का’ विचारणं उद्धट वाटू लागतं. लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीनं कुणातरी कामगाराची जळती सिगारेट कापसात पडली असावी हे कारण सर्वांत संभाव्य मानलं; तेवढं आपल्याला लक्षात राहतं, कारण त्यात एक अनाम गुन्हेगार मिळतो. कापूस आणि स्फोटकं एकाच होल्डमध्ये कुणी भरू दिली, याला तसा चेहरा नाही.

या आठवणीची सुरुवातच अर्धवट झाली होती हेही लक्षात घ्यायला हवं. युद्धाचे दिवस होते. अख्ख्या मुंबईनं धूर पाहिला, काचा झाडल्या, माणसं पुरली आणि जाळली. बातमी द्यायला मात्र मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. दुसऱ्याच दिवशी सविस्तर वृत्त दिलं ते जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं. म्हणजे ज्यांनी पाहिलं त्यांना लिहिता आलं नाही, आणि ज्यांनी सांगितलं ते हजारो मैल दूर होते. अशा पोकळीत दंतकथा लवकर रुजते. सोनं तर रुजतंच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी सेवा तासभर बंद पडली तर दुसऱ्या दिवशी मिनिटामिनिटाची हकिकत लिहिली जाते. पहिली सूचना कधी आली, कुणी पाहिली, पाहून त्याला काय वाटलं, ते वाटणं त्या क्षणी बरोबर का होतं. दोष कुणावर टाकायचा नाही असा नियम असतो. या कागदाला आम्ही पोस्टमॉर्टेम म्हणतो, कुणी मेलेलं नसताना. माणसं खरोखर मेली तिथे मात्र आपण कविता करतो, हे मला खटकतं. अर्थात आमच्या कागदांचीही मर्यादा आहे. त्यांत भीती नसते, तहान नसते, शेजारच्या माणसाचा आवाज नसतो. नुसत्या वेळांच्या रांगेतून माणूस उभा राहत नाही.

दोन्ही एकत्र कसं येतं याचा मला माहीत असलेला सर्वांत मोठा नमुना न्यूयॉर्कचा आहे. ११ सप्टेंबर २००१ ला तिथल्या अग्निशमन दलाची ३४३ माणसं गेली. पुढच्याच महिन्यापासून दलानं आपल्याच लोकांच्या मुलाखती नोंदवायला सुरुवात केली, अधिकारी, फायरमन, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, सगळ्यांच्या. पाचशेहून अधिक माणसं, सुमारे बारा हजार पानं. शहरानं ती लोकांसमोर आणायला खळखळ केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ कोर्टात गेला, तेव्हा ऑगस्ट २००५ मध्ये ती खुली झाली. वाचताना पहिल्यांदा कंटाळा येतो. कुठल्या गाडीवर होतात, कुठल्या जिन्यानं गेलात, तुम्हाला कुणी काय सांगितलं. पण या रुक्ष प्रश्नांतूनच मोठी गोष्ट वर येते: दुसरा मनोरा कोसळला आहे हे पहिल्या मनोऱ्यातल्या कित्येकांना ठाऊकच नव्हतं, बाहेर पडायचा हुकूम कित्येकांना ऐकूच आला नाही. पुन्हा वर्दीच. १९४४ च्या मुंबईतला बिनडायलचा फोन आणि २००१ च्या न्यूयॉर्कमधला वायरलेस यांत सत्तावन्न वर्षांचं अंतर आहे आणि फारसं काही बदललेलं नाही. फरक इतकाच की तिकडचं आपण त्या माणसांच्याच शब्दांत वाचू शकतो.

काळबादेवीचं गोकुळ निवास आठवून पाहा. ९ मे २०१५. जुनी इमारत पेटली, कोसळली, आणि दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. तेव्हाचे प्रमुख सुनील नेसरीकर रुग्णालयात पंधरा दिवस झुंजून गेले. एका आगीत एका दलाची वरची फळीच कापली जाते तेव्हा माणसांबरोबर आणखी काय जातं? मुंबईच्या जुन्या वस्तीत कुठल्या गल्लीत बंब वळतो, कुठल्या चाळीचा जिना लाकडी आहे, कुठला पोटमाळा नकाशावर नाही, कापडाच्या गोदामातला धूर कसा दिसतो, हे ज्ञान कुठल्याही नियमावलीत पूर्ण उतरत नाही. ते माणसात साठतं आणि बदली, निवृत्ती, मृत्यू यांबरोबर जातं. २६/११ ला ताजच्या खिडक्यांना शिड्या लावून माणसं उतरवणारे, २०१२ साली मंत्रालयाच्या आगीत उतरलेले, यांतले बरेच जण आज निवृत्त आहेत किंवा होण्याच्या बेतात आहेत. मंत्रालयाच्या आगीत फायलींचे ढीग जळाले त्याची चर्चा महिनोन्‌महिने झाली. विझवणाऱ्यांच्या डोक्यातली फाइल कुणी मागितली नाही.

ही नोंद दलानंच करावी असं नाही. कुठलंही महाविद्यालय, वाचनालय, चार हौशी लोक करू शकतात; मोबाइल आणि दोन दुपारी पुरतात. फक्त सुरुवात ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी प्रसंग सांगा’ अशी करू नये. त्यावर माणूस लाजतो, नाहीतर भाषण करतो. बंबावर तुमची जागा कोणती होती, हे विचारावं. वर्दीत काय सांगितलं होतं आणि पोचल्यावर काय दिसलं. जे दिसलं ते मागे कसं कळवलं, आणि उत्तर यायला किती वेळ लागला.