मुक्त आज्ञावली आणि मराठी मजकुराचे परावलंबन : तालुकास्तरीय महाविद्यालयांच्या संदर्भात एक चिकित्सा

इंग्रजीतील 'फ्री' या विशेषणात फुकट आणि मुक्त असे दोन अर्थ एकत्र नांदतात. १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना त्यामुळे वारंवार खुलासे करावे लागले. मराठीत दोन्ही अर्थांना स्वतंत्र शब्द आहेत. असे असूनही मराठीतील लिनक्सविषयक प्रचारपर लेखनाने बहुधा 'फुकट' याच अर्थाचा पुरस्कार केला. ही त्या लेखनाची मूलभूत मर्यादा होय.

किमतीचा युक्तिवाद हदगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी टिकणारा नव्हता. विंडोजची विनापरवाना प्रत जेथे दुकानदारच संगणकात घालून देतो, तेथे फुकट मिळणाऱ्या लिनक्सचे अप्रूप कोणास वाटणार? चोरीच्या प्रतीने मक्तेदारीला धक्का लावला नाही. उलट सवय लावून ती बळकट केली.

खरे परावलंबन कार्यप्रणालीपेक्षा मजकुरात आहे. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असतात. टंक काढून घेतला की मराठी परिच्छेदाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उरतात. अशा टंकांत तयार झालेले प्रबंध, वार्षिकांक, प्रश्नपत्रिका आणि कार्यालयीन पत्रे ज्या संस्थेत साठली आहेत, तिला लिनक्सवर जाणे म्हणजे स्वतःचीच दप्तरे वाचता न येणे असे वाटते. ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. वस्तुतः युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला. इन्स्क्रिप्ट कळफलकाला स्थान देणारे भारतीय मानकही त्याच वर्षीचे आणि लिनक्सचा जन्मही त्याच वर्षीचा. साधने होती, संस्थांची इच्छा नव्हती. महाविद्यालयीन नियतकालिकांनीही लेखकांकडे युनिकोडऐवजी विशिष्ट टंकाचाच आग्रह दीर्घकाळ धरला, याची नोंद येथे करणे आवश्यक आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले आणि या प्रश्नाला व्यावहारिक निकड आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते. २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या अधिकृत निकषांत बसत नाहीत. चालू स्थितीतील प्रयोगशाळा मोडीत काढावी किंवा लिनक्स स्वीकारावे, असा पेच त्यातून निर्माण होतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील ग्रामीण महाविद्यालयांना तो अधिक जाचक ठरतो.

म्यूनिक महापालिकेने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. हा दाखला विरोधक नेहमी देतात. केरळच्या शाळांमध्ये मात्र आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने मुक्त आज्ञावली रुजविली, कारण तेथे शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मल्याळमची सोय यांचा विचार सोबतच झाला. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स व लिबरऑफिसचे धडे मराठीतूनही उपलब्ध करून दिले आहेत. त्यांचा उपयोग करून घेण्यास कार्यप्रणाली बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. लिबरऑफिस विंडोजवरही चालते आणि इन्स्क्रिप्ट दोन्हीकडे सारखाच आहे.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम मात्र संगणक विभागावर सोपवून भागणारे नाही. रूपांतरण करणाऱ्या आज्ञावल्या रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांत हमखास चुका ठेवतात. त्या मराठीच्या प्राध्यापकालाच पानोपानी वाचून दुरुस्त कराव्या लागतात, आणि या श्रमांसाठी कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यभारात सहसा एकही तासिका धरलेली नसते.