वांटणीचा इतिहास आणि जोडणीचा प्रश्न

बिशप आयर चॅटर्टन यांनीं लिहिलेला इंग्लंडच्या चर्चचा हिंदुस्थानांतील इतिहास १९२४ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. ग्रंथ जुना असला तरी त्याचें पुन्हां परीक्षण करण्यास आज कारण आहे. चॅटर्टन हे नागपूर धर्मप्रांताचे पहिले बिशप. ज्या संस्थेची कथा ते सांगतात तिच्या उभारणींत त्यांचा स्वतःचा हात होता. ग्रंथाचे गुण आणि दोष दोन्ही यांतूनच निघतात.

गुण हा कीं, विस्तीर्ण विषय त्यांनीं धर्मप्रांतवार सुसूत्र मांडला आहे. कलकत्त्याचा धर्मप्रांत १८१४ सालचा; मद्रास १८३५ सालीं व मुंबई १८३७ सालीं त्यापासून वेगळी झाली; १९०३ सालीं नागपूरला बिशप मिळाला. एखाद्या घराण्याची वंशावळ वाचावी तसा हा विस्तार डोळ्यांपुढें येतो. परंतु वंशावळींत रयत दिसत नाहीं. बिशपांच्या कारकीर्दी समजतात. बांकावर बसून मराठींत प्रार्थना म्हणणारा मनुष्य मात्र दूरच राहतो. शिवाय या मांडणीला वाढ म्हणजे वांटणी एवढेंच ठाऊक आहे. धर्मप्रांत पुढें एकत्र आले तर काय, हा प्रश्न तिच्या कक्षेंत येत नाहीं.

तो प्रश्न कॅथीड्रलांत स्पष्ट दिसतो. कॅथीड्रल ही पदवी आकारानें मिळत नाहीं. बिशपांचें आसन जेथें, तें कॅथीड्रल. मुंबईच्या सेंट थॉमस मंदिराचा पाया गव्हर्नर ऑंजियर यांनीं १६७६ सालीं घातला. पुढें भिंती कित्येक वर्षें अर्धवट उभ्या होत्या. रिचर्ड कॉब या पाद्रीसाहेबांच्या खटपटीनें १७१८ च्या नाताळांत मंदिर उघडलें. किल्ल्याच्या दरवाजास चर्चगेट हें नांव त्यामुळेंच पडलें. १८३७ सालीं वास्तु तीच राहिली, पण तिचा अर्थ पालटला : कंपनीच्या नोकरांचें प्रार्थनागृह बिशपांचें पीठ झालें. जो अर्थ आसनानें येतो, तो आसन हलल्यास जाणार काय?

इंग्लंडनें याचें उत्तर दोनदां शोधलें. १८३६ सालीं ब्रिस्टल व ग्लॉस्टर हे धर्मप्रांत जोडले. १८९७ सालीं ते पुन्हां वेगळे करावे लागले. २०१४ सालीं ब्रॅडफर्ड, वेकफील्ड आणि रिपन व लीड्स असे तीन धर्मप्रांत एक झाले, तेव्हां तिन्ही कॅथीड्रलें कायम ठेवण्यांत आलीं. हद्द कागदावर पुसतां येते. दगडांत सांठलेली आठवण तशी पुसतां येत नाहीं, हें तेथें उमगलें असावें.

आपल्याकडील जोडणी याहून अवघड होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं उत्तर भारताचें चर्च स्थापन झालें, आणि तेंही चॅटर्टन यांच्याच नागपुरांत. त्यांत अँग्लिकनांसह सहा मंडळ्या मिळाल्या. एका बाजूस १८४८ सालीं जौनपुरास बाप्तिस्मा घेतलेल्या नीळकंठशास्त्री गोरे यांची अँग्लिकन परंपरा. दुसऱ्या बाजूस अहमदनगर आणि आमचें सोलापूर या भागांतील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या. या मंडळ्यांचे पूर्वज बिशपाविना आपला कारभार चालवीत आले होते. नव्या व्यवस्थेंत त्यांनीं बिशपपद मान्य केलें. उलट बिशपाच्या जोडीस पाळक व सामान्य सभासद यांच्या सभांना अधिकार मिळाला. दोघांनाही कांहीं सोडावें लागलें. टेंभुर्णीच्या आसपास राहणाऱ्या वाचकाला कॅथीड्रल परकें वाटेल, पण हा सोडण्याधरण्याचा व्यवहार परका वाटूं नये.

या जोडणीचें खरें बीज घटनेच्या कलमांत शोधावें असें मला वाटत नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना १८९५ सालीं अमेरिकन मिशनांत बाप्तिस्मा मिळाला. परंतु त्यांचीं पदें मिशनची कुंपणें ओलांडून सर्वत्र गायिलीं गेलीं. सभांचे ठराव होण्यापूर्वीं मराठी ख्रिस्ती माणसें गाण्यांत एकत्र आलीं होतीं. चॅटर्टन यांच्या पद्धतीनें लिहिलेल्या इतिहासांत हें कधींच सांपडणार नाहीं, कारण गाण्याला बिशप नसतो.

तेव्हां या ग्रंथास सनावळीसाठीं अवश्य जवळ ठेवावें. दृष्टि मात्र त्याची घेऊं नये. पुढील इतिहासकारानें आरंभ पीठापासून न करितां खेड्यांतील मंडळ्यांच्या दप्तरांपासून आणि म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणींपासून करावा. तीं दप्तरें वाळवीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं हें काम मराठींत झालें पाहिजे.