कर्नल पुढे, मोड्यूल मागे

लिनक्स कर्नलच्या कागदपत्रांत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचे एक टिपण आहे. कर्नलच्या आतली रचना कायमची पक्की का करत नाहीत, हे त्यात सांगितले आहे. टिपण जुने आहे, पण त्यातला वाद आजही ताजा आहे.

कर्नल हा यंत्रसामग्री आणि आपले प्रोग्रॅम यांच्यातला मध्यस्थ. प्रोग्रॅमांना दिलेला शब्द तो पाळतो, म्हणून जुने प्रोग्रॅम नव्या कर्नलवरही चालतात. मोड्यूल मात्र चालू कर्नलच्या आतच जोडले जातात. त्यांना असा शब्द दिलेला नाही. समजा, एखाद्या कपाटात चौथ्या खणात खडू असतात. नव्या कपाटात मध्येच एक खण वाढला, तर चौथ्यात हात घालणाऱ्याला भलतेच काही मिळेल. कर्नलमध्ये अशी चूक झाली तर स्मृतीतली माहिती बिघडते. म्हणून प्रत्येक मोड्यूलवर तो कोणत्या कर्नलसाठी बांधला याची खूण असते. खूण जुळली नाही तर कर्नल सहसा त्याला आत घेत नाही.

टिपणातला उपाय असा: ड्रायव्हरचा स्रोत मुख्य कर्नलमध्येच द्या. मग रचना बदलणाराच ड्रायव्हरही दुरुस्त करील. हा युक्तिवाद आम्हाला पटतो. यूएसबीचा भाग अनेकदा नव्याने लिहिता आला तो या मोकळीकीमुळेच.

पण ज्यांना आत जाता येत नाही त्यांचे काय? झेडएफएस या फाइलव्यवस्थेचा स्रोत खुला आहे, तरी तिचा परवाना कर्नलच्या परवान्याशी जुळत नाही, असे मानले जाते. एनव्हिडियाने 2022 साली आपल्या मोड्यूलांचा स्रोत खुला केला, पण ते मुख्य कर्नलबाहेरच राहिले. स्रोत खुला असणे पुरेसे नाही. तो कोणीतरी सतत जुळवत राहावा लागतो. वापरणाऱ्याच्या या अडचणीपाशी टिपण थांबते.

आर्च लिनक्ससारख्या सतत बदलत राहणाऱ्या वितरणात ही अडचण तीव्र होते. कर्नलची नवी आवृत्ती साधारण 9-10 आठवड्यांनी येते आणि आर्चमध्ये ती लवकर पोचते. तेथे दोन वाटा आहेत. व्हर्च्युअलबॉक्सचे मोड्यूल नेहमीच्या कर्नलसाठी आधीच बांधलेले मिळतात. इतर बहुतेक कर्नलांसाठी डीकेएमएस वापरावे लागते. ते आपल्याच संगणकावर, दर नव्या कर्नलसाठी, स्रोतापासून मोड्यूल पुन्हा बांधते. त्यासाठी त्या कर्नलची हेडर फाइलींची पुडी हवी.

डीकेएमएसची कल्पना उत्तम आहे, पण ते फक्त पुन्हा बांधते. न जुळणारा स्रोत जुळवून देत नाही. नव्या कर्नलशी झेडएफएसचा स्रोत जुळला नसेल तर बांधणी फसते. आर्चमध्ये तोवर नवा कर्नल बसलेला असतो आणि जुना गेलेला असतो. चूक पडद्यावर उमटते, पण इतर ओळींच्या गर्दीत. मूळ फाइलव्यवस्थाच झेडएफएसवर असेल तर पुढच्या वेळी संगणक सुरूच होत नाही. हा दोष कर्नलचा नाही, बांधणीच्या व्यवस्थेचा आहे. व्हॉइड लिनक्स आणि ओपनसुसे टंबलवीड जुना कर्नलही ठेवतात, म्हणजे परतीची वाट उरते. आमच्या मते हेच योग्य. प्रयोग फसू शकतो हे गृहीत धरून केलेली मांडणी चांगली, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

शाळेच्या संगणककक्षात असे वितरण असेल, तर दीर्घकाळ सांभाळला जाणारा एलटीएस कर्नल, त्याच्या हेडरसह, जोडीला ठेवावा. आधी एकच संगणक अद्ययावत करावा. पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘डीकेएमएस स्टेटस’ ही आज्ञा देऊन नव्या कर्नलपुढे मोड्यूल बसल्याची नोंद आहे का, ते पाहावे. विद्यार्थ्यांनाही ते पाहू द्यावे. ‘अद्ययावत’ म्हणजे आपोआप ‘सुरक्षित’ नव्हे, हे त्यांना त्या एका ओळीवरून कळेल.