छत्तिसाचा आकडा

अक्षर उलटे लिहिण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही. पितळी शिक्का कोरणारा कारागीर अक्षर उलटेच कोरतो. मुंबई-आग्रा रस्त्यावर शहापूरजवळ घटकाभर उभे राहावे, तर एखाद्या रुग्णवाहिकेच्या कपाळावरचे नाव उलटे रंगविलेले दिसते. पुढच्या गाडीवाल्याने ते आपल्या आरशात सुलटे वाचावे आणि वाट द्यावी, म्हणून. या दोन्ही ठिकाणी उलटेपणा केवळ सोयीचा आहे. काम झाले की तो नाहीसा होतो. पण उलटेपणातच सारा अर्थ साठविलेला आहे असे लेणे आपल्या भाषेत एकच, आणि ते कोणा कवीने घडविलेले नव्हे. तो छत्तिसाचा आकडा!

३६ असे नुसते लिहून पाहावे. तिनाची पाठ सहाच्या पाठीला लागलेली, तोंडे दोन दिशांना. तेच अंक ६३ असे मांडा, की ती दोघे समोरासमोर बसून बोलू लागतात. एका घरात राहून एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन भाऊ रंगवायचे, तर आम्हां कादंबरीकारांना पान-दीड पान खर्ची घालावे लागते. येथे दोन अंकांत काम भागले आहे. अबोला आहे, पण शेजार सुटलेला नाही. पाठीला पाठ लागायची तर तितके जवळ असावे लागते. आमचे वर्तमानपत्री लेखक हे विसरतात आणि पृथ्वीच्या दोन टोकांच्या राष्ट्रांतही छत्तिसाचा आकडा जमवून मोकळे होतात.

आणखी एक गंमत पाहा. हे दोन अंक आरशातल्या प्रतिबिंबासारखे दिसतात खरे, पण तंतोतंत नाहीत. खिळे जुळविण्याच्या काळात इंग्रजी सहाचा खिळा फिरवून नवाची नड भागविता येई. आपला तिनाचा खिळा फिरविला, तर शेपूट डोक्यावर जाऊन सोंग लगेच उघडे पडे. दिसायला एकाच वळणाचे, पण एकाच्या जागी दुसरा चालायचा नाही. भाऊबंदकीत असेच असते.

पहिली-दुसरीच्या वर्गात मात्र या आकड्याने शिक्षकांना पुरते सतावले आहे. डोळ्यांना आधी तीन दिसतो आणि कानांना आधी सहा ऐकू येतो: छ-त्तीस. शहापूर काय आणि मुरबाड काय, पाड्यावरून आलेले मूल ऐकल्या क्रमाने लिहिते आणि पाटीवर ६३ उमटतात. ‘चुकलास’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. भांडणाऱ्या दोघांचा त्याने समेट केलेला असतो ना!

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात रूढ नावांबरोबर ‘वीस एक’ अशा धर्तीचे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! भाषा बुडाली, असा ओरडा झाला. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा मुद्दा मुलांच्या अडचणीचा होता, आणि वर्गात उभे राहणाऱ्याला तो पटावा असाच आहे. नॉर्वेने तर १९५१ सालीच आपली संख्यावाचनाची रीत अशी सुलटी करून घेतली. मूल ‘तीस सहा’ म्हणाले म्हणून आपल्या वाक्प्रचाराला काही होत नाही; त्याचा जीव कानात नसून डोळ्यांत आहे.

धोका आहे तो दुसरीकडे. घटनेच्या ३४३व्या कलमाने केंद्राच्या कारभारासाठी अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप घेतले. ते व्यवहाराचे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता मराठी मजकुरातही हा वाक्प्रचार इंग्रजी अंकांत छापलेला आढळतो. तेथे तीन बिचारा तोंड फिरवून बसलेला असतो. शेजारचा सहा मात्र खालचे पोट मिटून गोल झालेला. त्याची पाठ कोणती नि पोट कोणते, हे कळणार कसे? भांडण एकतर्फी होते! फोनवरच इंग्रजी अंक गिरविलेल्या मुलाने ‘छत्तीसच का, पस्तीस का नाही?’ असे विचारले, तर त्याला ते चित्र कोठे दाखवायचे? बाकीचे सारे अंक हवे तसे छापा. हा एक आकडा तेवढा देवनागरीत राहू द्यावा, एवढेच संपादकांना आणि मुद्रितशोधकांना सांगणे आहे.