शांततेचा जमाखर्च

युद्धाला किती खर्च आला ह्याचे आंकडे कोणत्याहि राष्ट्राच्या दप्तरांत सांपडतात. बंदुका किती घेतल्या, सैनिकांस वेतन काय दिलें, हें सर्व कोठें ना कोठें लिहिलेलें असतें. परंतु एखादें युद्ध थांबविण्यासाठीं सामान्य माणसांनीं जे श्रम केले त्यांस पैसा कोठून मिळाला, तो कितपत पुरला आणि जो पुरला नाहीं तो कोणीं आपल्या संसारांतून भरून काढला, ह्याची नोंद ठेवण्याची चाल अद्याप पडलेली नाहीं. लायबेरियांतील लेमा बोवी ह्यांचें 'मायटी बी अवर पावर्स' हें आत्मचरित्र २०११ सालीं प्रसिद्ध झालें. कॅरल मिदर्स ह्या लेखिकेचें साह्य घेऊन तें लिहिलेलें आहे. त्याच वर्षीं बोवीबाईंस शांततेचें नोबेल पारितोषिक, लायबेरियाच्या अध्यक्षा एलन जॉन्सन सर्लीफ आणि येमेनच्या तवक्कुल करमान ह्यांच्यासमवेत, मिळालें. त्यामुळें पुस्तकाकडे विजयाची कथा म्हणून पाहण्याची प्रवृत्ति सर्वत्र दिसते. आमच्या मतें त्याचें खरें महत्त्व निराळें आहे. शांततेचा हिशेब मांडणारीं जीं थोडीं पुस्तकें आहेत त्यांत ह्याची गणना केली पाहिजे, आणि त्याच दृष्टीनें त्याचा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लायबेरिया हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लहानसा देश. अमेरिकेंतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनीं तेथें वसाहत केली व १८४७ सालीं तो स्वतंत्र प्रजासत्ताक झाला; परंतु ह्या आगंतुकांचे वंशज आणि मूळचे रहिवासी ह्यांच्यांतील वैमनस्य पुढें शंभरांहून अधिक वर्षें धुमसत राहिलें. डिसेंबर १९८९ मध्यें चार्लस टेलर ह्याच्या सशस्त्र टोळीनें देशांत प्रवेश केला आणि तेथून जें अंतर्युद्ध पेटलें तें, मधलीं कांहीं वर्षें वगळतां, २००३ पर्यंत चाललें. मृतांची संख्या सामान्यतः अडीच लाखांच्या घरांत मानली जाते. कोंवळ्या वयाच्या मुलांच्या हातीं बंदुका देण्यांत आल्या. हा देश आमच्या वाचकांस अगदींच परका वाटावयास नको. युद्धोत्तर काळांत संयुक्त राष्ट्रांच्या वतीनें तेथें स्त्रियांचें असें जें पहिलें पोलीस पथक गेलें तें भारताचें होतें, आणि २००७ पासून २०१६ पर्यंत भारतीय स्त्रियांच्या तुकड्या तेथें बंदोबस्ताचें काम करीत होत्या.

युद्ध सुरू झालें तेव्हां बोवीबाई सतरा वर्षांच्या होत्या आणि डॉक्टर होण्याचीं स्वप्नें पाहत होत्या. पुढील कांहीं वर्षांत घर गेलें, घाना देशांतील निर्वासितांच्या छावणींत राहावें लागलें, मारझोड करणाऱ्या पुरुषाशीं गांठ पडली आणि चार मुलें पदरीं आलीं. ह्या भागांतील निवेदन आम्हांस सर्वांत सरस वाटलें. लेखिकेनें येथें स्वतःस कोठेंहि सोडलेलें नाहीं. आपण किती वेळां निघून जावयाचें ठरविलें आणि किती वेळां परत फिरलों, हें ती वाचकाची सहानुभूति न मागतां सांगते. पुढें मन्रोव्हिया ह्या राजधानींतील ल्यूथरपंथीय सेंट पीटर चर्चच्या एका केंद्रांत, युद्धानें मनें विदीर्ण झालेल्या लोकांस सांवरण्याचें काम तिला मिळालें. १९९० सालीं ह्याच चर्चमध्यें आश्रयास आलेल्या शेंकडों लोकांची कत्तल झाली होती. टेलरच्या फौजेंतून बाहेर पडलेल्या, हातपाय गमावलेल्या पोरांशीं तिनें येथें जी जवळीक साधली ती पुढील सर्व कार्याची पाठशाळा ठरली. गांधींचे आणि मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचे लेखहि तिनें ह्याच काळांत वाचले.

'वानेप' ह्या पश्चिम आफ्रिकेंतील शांतताकार्य करणाऱ्या संस्थेच्या छत्राखालीं, नायजेरियांतील वकील थेल्मा एकियोर ह्यांच्या कल्पनेंतून, २००१ सालीं 'विपनेट' हें स्त्रियांचें संघटन निघालें, आणि त्याच्या लायबेरियांतील शाखेची धुरा बोवीबाईंकडे आली. ह्या संघटनाची कार्यपद्धति पुस्तकांत तपशीलवार आली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. शुक्रवारीं दुपारीं मशिदींपाशीं, शनिवारीं सकाळीं बाजारांत, रविवारीं चर्चमध्यें जावयाचें आणि युद्धाला कंटाळलेल्या स्त्रियांशीं बोलावयाचें. ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांच्यासाठीं चित्रांचीं साधीं पत्रकें काढावयाचीं. असातू बा केनेथ ह्या पोलीस खात्यांतील मुसलमान बाईंनीं आपल्या धर्मभगिनींस एकत्र केलें आणि दोन्हीं धर्मांच्या स्त्रिया, आरंभींचे संशय बाजूस सारून, एका निशाणाखालीं आल्या. एप्रिल २००३ पासून पांढरीं वस्त्रें नेसलेल्या ह्या स्त्रिया मन्रोव्हियाच्या मासळीबाजारालगतच्या मैदानांत, टेलरची स्वारी ज्या रस्त्यानें जात असे त्याच्या कडेला, उन्हापावसांत दररोज बसूं लागल्या. अखेर २३ एप्रिल रोजीं टेलरला त्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें लागलें.

आतां ह्यांतील खर्चाचा विचार करूं. शेंकडों स्त्रिया रोज एका ठिकाणीं आणावयाच्या म्हणजे गाडीभाडें आलें, पिण्याचें पाणी आलें, पत्रकांची छपाई आली, आणि जी बाई त्या दिवशीं बाजारांत बसली नाहीं तिच्या बुडालेल्या मिळकतीचा प्रश्न आला. ह्यांपैकीं एकहि बाब मोठी नाहीं. परंतु ह्या बाबी अशा आहेत कीं त्यांवर खर्च केलेला पैसा डोळ्यांना दिसत नाहीं. शाळेची इमारत बांधली तर तिच्यावर देणगीदाराच्या नांवाची पाटी लावतां येते. बाईचें गाडीभाडें दिलें तर पाटी कोठें लावावयाची? दूरच्या राजधान्यांत बसून अनुदानें मंजूर करणाऱ्या संस्थांची अडचण नेमकी हीच असते. त्यांस ठराविक मुदतीचा संकल्प लागतो, त्याचें फळ मोजतां यावें लागतें आणि त्याचा अहवाल वेळेवर यावा लागतो. शांततेचें काम मात्र ठरलेल्या मुदतींत फळ दाखवीत नाहीं. तें बहुतेक काळ नुसतें टिकून राहण्याचेंच काम असतें.

जून २००३ मध्यें घानांत वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हां हा विसंवाद विशेषच उघडा पडला. लढणाऱ्या पक्षांचे प्रतिनिधि परक्यांच्या खर्चानें आक्रा शहरांतील उत्तम हॉटेलांत उतरले आणि आठवड्यांमागून आठवडे चर्चा लांबवीत राहिले. इकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. ज्या स्त्रियांनीं ही चर्चा घडवून आणण्यास हातभार लावला त्या दाराबाहेर बसून होत्या. जुलै महिन्यांत त्यांनीं सभागृहाची वाट अडविली आणि प्रतिनिधींस बाहेर पडूं दिलें नाहीं. पकडावयास रक्षक आले तेव्हां बोवीबाईंनीं स्वतःचीं वस्त्रें फेडण्याची धमकी दिली. मातेच्या वयाच्या स्त्रीची विवस्त्रता पाहणें हा त्या समाजांत घोर शाप मानला जातो. मध्यस्थ जनरल अब्दुलसलामी अबूबकर ह्यांनीं त्यांची बाजू समजून घेतली आणि त्यानंतर चर्चेला निराळें वळण लागलें. ११ ऑगस्ट रोजीं टेलरनें पदत्याग केला आणि १८ ऑगस्ट रोजीं करारावर सह्या झाल्या.

केवळ ह्या स्त्रियांमुळेंच युद्ध थांबलें असें मानणाऱ्या भाविक वाचकांशीं मात्र आम्ही सहमत नाहीं. बंडखोरांचा राजधानीला पडलेला वेढा, टेलरवर आंतरराष्ट्रीय न्यायासनानें ठेवलेला आरोप, शेजारच्या राष्ट्रांचीं सैन्यें आणि अमेरिकेचा दाब ह्या सर्वांचा त्यांत वांटा होता. स्त्रियांचें श्रेय ह्यानें कमी होत नाहीं. हीं सर्व बळें असूनहि करार लांबत होता, आणि लांबणीवर टाकणें ही लज्जेची गोष्ट आहे हें उघडपणें सांगणारें जें एकच बळ उरलें होतें तें ह्या स्त्रियांचें होतें.

करारानंतरची कथा हिशेबाच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद आहे. संयुक्त राष्ट्रांनीं पंधरा हजार सैनिकांचें दळ मंजूर केलें. डिसेंबर २००३ मध्यें शस्त्रें गोळा करण्यास आरंभ झाला तेव्हां, स्थानिक स्त्रियांचा सल्ला न घेतल्यामुळें, पहिल्याच छावणींत दंगल उसळली. मग तिला शांत करण्यास ह्याच स्त्रियांना बोलावणें आलें. शस्त्र टाकणाऱ्यास दोन हप्त्यांत ३०० डॉलर द्यावयाचे ठरले होते, आणि एक लाखाहून अधिक व्यक्तींनीं शस्त्रधारी म्हणून नोंद करून घेतली. ही व्यवस्था चूक होती असें आम्ही म्हणत नाहीं. हातांतील बंदूक सुटावयाची तर पोटाची कांहीं सोय करावी लागते. परंतु ज्यानें बंदूक उचलली त्याच्यासाठीं जमाखर्चांत एक रकाना होता आणि जिनें ती कधीं उचलली नाहीं तिच्यासाठीं तसा रकाना नव्हता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

बोवीबाईंस ही उणीव लवकरच स्वतःच्या संस्थेंतहि जाणवली. 'विपनेट'चा पैसा 'वानेप'च्या हातून येत असे आणि 'वानेप'चीं सूत्रें पुरुषांच्या हातीं होतीं. काम स्त्रियांचें, परंतु तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही स्थिति होती. तींतून वाद झाले व अखेर २००६ सालीं बोवीबाई आणि त्यांच्या सहकारिणी ह्यांनीं आक्रा येथें स्वतंत्र संस्था काढली. तिच्यासाठीं आरंभींचे ५०,००० डॉलर मिळविण्यास अमेरिकेंतील ॲबिगेल डिझ्नी ह्यांनीं साह्य केलें. ह्याच बाईंनीं पुढें ह्या चळवळीवरचा बोलपट निर्माण केला, आणि तो २००८ सालीं लोकांपुढें आला. म्हणजे मासळीबाजारांत बसलेल्या स्त्रियांचें नांव जगभर झालें तें चळवळीनंतर पांच वर्षांनीं. पैसा जेव्हां सर्वांत अधिक हवा होता तेव्हां कीर्ति नव्हती, आणि कीर्ति आली तेव्हां लढाई संपली होती. संयुक्त राष्ट्रांनीं २०१० सालीं आपल्या शांतताकार्याच्या निधींतील किमान शेंकडा १५ भाग स्त्रियांच्या उन्नतीसाठीं राखण्याचें ध्येय ठरविलें, हें स्वागतार्ह आहे. परंतु तो भाग खेड्यांतील स्त्रीपर्यंत पोंचतांना कितीजणांच्या हातांतून जातो ह्यावर त्याचें मोल ठरावयाचें आहे. लायबेरियाच्या खेड्यांत विपनेटच्या स्त्रियांनीं शांतिकुटिरें उभारलीं. गांवचे वडीलधारी पुरुष पूर्वीपासून जशा कुटींत बसून तंटे तोडीत तशाच ह्या, पण स्त्रियांच्या. अशी कुटी उभारण्यास थोडा पैसा पुरतो. ती चालू ठेवण्यास मात्र तो वर्षानुवर्षें लागतो.

आतां ह्या हिशेबांतील जी सर्वांत मोठी रक्कम तिच्याकडे येऊं. बोवीबाई मन्रोव्हियांत चळवळ चालवीत असतां त्यांचीं मुलें घानांत होतीं आणि त्यांचा सांभाळ त्यांची बहीण करीत होती. तिनें हें वर्षानुवर्षें, कोणतेंहि वेतन न घेतां, केलें. मुलें मावशीला लळा लावीत गेलीं आणि आई पाहुणी होत गेली. ह्या दुःखाचीं आणि पुढें जडलेल्या मद्यपानाचीं पानें लेखिकेनें जितक्या निर्भीडपणें लिहिलीं आहेत तितक्या निर्भीडपणें तीं आमच्याकडील किती सार्वजनिक कार्यकर्त्यांनीं लिहिलीं असतीं? लायबेरियाच्या शांततेला ज्या देणग्या मिळाल्या त्यांत ह्या बहिणीची देणगी सर्वांत मोठी, असें आमचें मत आहे. आणि कोणत्याहि अहवालांत तिचें नांव नाहीं. स्त्रियांच्या कार्याला साह्य करावयाचें म्हणजे त्या कार्याच्या पाठीमागें घर सांभाळीत बसलेल्या दुसऱ्या स्त्रीचाहि विचार करावयाचा, हा ह्या पुस्तकाचा आम्हांस जाणवलेला मुख्य बोध होय.

पुस्तकांत दोष नाहींत असें नाहीं. स्त्रियांनीं पतींशीं शय्यासंग वर्ज्य केल्याची जी हकीकत जगभरच्या वृत्तपत्रांनीं उचलून धरली, तिचा प्रत्यक्ष परिणाम थोडाच झाला, तिचा उपयोग लोकांचें लक्ष वेधण्यापुरता होता, असें लेखिका स्वतःच सांगते. तरीहि उपशीर्षकांत भगिनीभाव आणि प्रार्थना ह्यांच्या पंक्तीला तिला मानानें बसविलें आहे. ग्राहकाला ओढण्याची ही युक्ति अशा ग्रंथाला शोभत नाहीं. शेवटच्या भागांत परदेशचे प्रवास आणि सत्कार ह्यांचीं वर्णनें घाईनें येतात, व त्यांची भाषा इतकी गुळगुळीत झाली आहे कीं पहिल्या भागांतील खडबडीत आवाज तींत हरवतो. सर्वांत मोठी उणीव ही कीं मैदानांत रोज येऊन बसणाऱ्या बाजारकरणी आपल्याला दुरूनच दिसतात. त्या काय बोलत, घरीं परत गेल्यावर त्यांस काय ऐकावें लागे, हें अधिक यावयास हवें होतें.

कोणी म्हणेल कीं हिशेब मागणें हा देणगीदाराचा अधिकारच आहे, आणि अहवालावांचून दिलेला पैसा भलत्याच्या घरांत जातो. ही शंका खोटी नाहीं. परंतु हिशेब मागणें निराळें आणि काय करावें हें ठरवून देणें निराळें. पहिल्यानें काम शुद्ध राहतें. दुसऱ्यानें तें दुसऱ्याचें होतें. आमच्या वाचकांच्या घरांतूनहि स्त्रियांच्या संस्थांस यथाशक्ति मदत जात असते. शिवणयंत्रें किती वांटलीं हें विचारण्याची आपली सहज प्रवृत्ति असते. कार्यालयाचें भाडें निघतें काय, कार्यकर्तीचीं मुलें कोण पाहतें, पुढच्या वर्षींहि ही मदत येईल असा भरंवसा तिला आहे काय, हे प्रश्न आपण फारसे विचारीत नाहीं. ते विचारण्याची बुद्धि ज्या पुस्तकामुळें होते तें सदोष असलें तरी संग्रहीं ठेवण्याच्या योग्यतेचें आहे. त्याचें चांगलें मराठी भाषांतर आमच्या घराघरांतील स्त्रियांच्या हातीं पडावें, अशी आमची इच्छा आहे.