जुनी भिंत आणि नवा वापर : साओ पाउलो येथील रंजनकेंद्र

सामुदायिक रंजनकेंद्राच्या टिकाऊपणाची चर्चा अलीकडे बहुधा विजेची बचत आणि पाण्याचा पुनर्वापर यांपाशी सुरू होते व तेथेच संपते. ब्राझीलमधील साओ पाउलो येथील ‘सेस्क पोंपेया’ या केंद्राला एवढीच कसोटी लावली, तर त्याचे मर्म हाती लागत नाही.

लोखंडी पिंपे बनविणाऱ्या बंद कारखान्याची ही जागा पाहण्यास वास्तुशिल्पी लीना बो बार्दी (१९१४-१९९२) प्रथम १९७६ मध्ये गेल्या. पुन्हा एका शनिवारी त्या तेथे गेल्या, तेव्हा त्या शेडांत मुले धावत होती, कुटुंबे जेवणखाण करीत होती. रंजनकेंद्र तेथे आधीच अस्तित्वात होते. उणीव होती ती केवळ सोयींची. कारखाना न पाडण्याचा त्यांचा निर्णय या निरीक्षणातून झाला. भिंतींचा गिलावा काढून विटा व काँक्रीटचा सांगाडा उघडा केला गेला, आणि मोठ्या दालनात वाचनालयाशेजारी नदीसारखे वळण घेणारे उथळ पाणी खेळविले गेले. हा भाग १९८२ मध्ये खुला झाला. त्यातील नाट्यगृहाच्या लाकडी आसनांना गादी नाही. प्रेक्षकाने तेथे सुस्तावू नये, हा बाईंचा हट्टच होता!

१९८६ मध्ये पूर्ण झालेल्या क्रीडाविभागाविषयी मात्र इतके निःशंक मत देता येत नाही. जमिनीखालून जाणाऱ्या ओढ्यामुळे मधल्या पट्ट्यात बांधकामास मनाई होती. म्हणून दोन मनोरे दुतर्फा उभारून ते हवेतील पुलांनी जोडले, आणि मोकळ्या पट्ट्यावर ऊन खाण्यासाठी लाकडी फळ्यांची वाट केली. अडचणीचे असे सार्थक क्वचितच होते. क्रीडांगणांच्या ओबडधोबड गवाक्षांना काच नाही, लाकडी जाळीची सरकती दारे आहेत. वारा यंत्रावाचून खेळतो. परंतु या मनोऱ्यांत ओतलेले काँक्रीट प्रचंड आहे. सिमेंटच्या निर्मितीत होणारे वायूचे उत्सर्जन आज ज्ञात असताना, जुन्या शेडांचे पुण्य मनोऱ्यांच्या खात्यावर जमा करणे समीक्षेला शोभणार नाही.

या वास्तूच्या प्रशंसकांनी आणखी एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. १९४६ मध्ये स्थापन झालेली ‘सेस्क’ ही संस्था व्यापारी मालकांच्या वेतनखर्चावरील दीड टक्का सक्तीच्या वर्गणीवर चालते. गळके छप्पर दुरुस्त होते, कार्यशाळांना शिक्षक मिळतात, ते या नियमित उत्पन्नामुळे. केंद्राच्या आराखड्यांत हा दीड टक्का कोठेही काढलेला नाही. परंतु तो वगळून केलेले या रचनेचे अनुकरण शेडांपुरतेच राहील.