नियोजित उपचारांसाठी स्वतंत्र सार्वजनिक रुग्णालये : आयर्लंडच्या धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना

रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. अपघात, हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात वेळ ठरवून येत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधेरोपण यांसारख्या उपचारांची तारीख मात्र आगाऊ ठरविता येते. दोन्ही वर्ग एकाच छताखाली असले की शस्त्रक्रियागृह आणि खाट यांवर पहिला हक्क तातडीच्या रुग्णाचा असतो, आणि ते न्याय्यही आहे. परंतु त्यामुळे नियोजित शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जाते. हे दोन प्रवाह वेगळे करण्यासाठी आयर्लंडने स्वतंत्र सार्वजनिक रुग्णालयांची योजना आखली. प्रस्तुत लेखात या योजनेची चिकित्सा केली आहे.

धोरणाची पार्श्वभूमी

रोशीन शॉर्टल यांच्या अध्यक्षतेखालील सर्वपक्षीय संसदीय समितीने मे २०१७ मध्ये 'स्लॉन्चाकेअर' हा अहवाल सादर केला. उपचार उत्पन्नानुसार नव्हे, तर गरजेनुसार मिळावेत, हे त्याचे मुख्य सूत्र होते. बाह्यरुग्ण तपासणीसाठी १० आठवडे, शस्त्रक्रियेसाठी १२ आठवडे आणि निदान चाचणीसाठी १० दिवस अशा कमाल प्रतीक्षेच्या मर्यादा त्यात सुचविल्या होत्या. २०१८ च्या राष्ट्रीय विकास आराखड्यात डब्लिन, कॉर्क व गॉलवे येथे केवळ नियोजित उपचारांसाठी रुग्णालये उभारण्याचे ठरले. कॉर्कजवळील ग्लॅनमायर येथील सेंट स्टीफन्स आणि गॉलवेतील मर्लिन पार्क या जागांना मंजुरी मिळण्यास मात्र डिसेंबर २०२२ उजाडला. २०२४ संपले तरी यांपैकी एकाही रुग्णालयाचे बांधकाम सुरू झाले नव्हते.

दिरंगाईची मीमांसा

या विलंबाला केवळ प्रशासकीय अनास्था म्हणणे अपुरे ठरेल. डब्लिनच्या राष्ट्रीय बालरुग्णालयाचा अनुभव त्यामागे उभा आहे. २०१७ मध्ये ९८.३ कोटी युरोंचा असलेला त्याचा मंजूर खर्च २०१८ अखेरीस १४३.३ कोटींवर आणि २०२४ मध्ये २२४ कोटींवर गेला. त्यानंतर मोठ्या प्रकल्पांसाठी मंजुरीचे टप्पे अधिक कठोर करण्यात आले. सार्वजनिक पैशाची राखण म्हणून ही सावधगिरी योग्यच होय. परंतु तिचाही खर्च असतो, आणि तो हिशेबाच्या वहीत दिसत नाही. तो प्रतीक्षायादीतील रुग्णाच्या वेदनेत, बुडालेल्या रोजगारात आणि मंदावलेल्या दृष्टीत मोजावा लागतो. बांधकामाचा वाढीव खर्च चौकशीचा विषय होतो. न बांधल्याचा खर्च कोणीही विचारीत नाही. या धोरणातील सर्वांत गंभीर विसंगती हीच आहे.

शासन या काळात स्वस्थ बसले होते असे नाही. २००२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उपचार खरेदी निधीतून खासगी रुग्णालयांकडूनही उपचार विकत घेतले जातात. त्यामुळे व्यक्तिगत रुग्णाला दिलासा मिळतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि, सार्वजनिक क्षमता कागदावर आणि सार्वजनिक पैसा खासगी क्षमतेत, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली, तर तात्पुरता उपायच व्यवस्था बनून बसतो.

इतिहासाचा धडा

मंजूर झालेल्या दोन्ही जागांचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. १९४५ च्या कायद्यान्वये आयर्लंडने डब्लिन, कॉर्क आणि गॉलवे या त्याच तीन शहरांसाठी क्षयरोग आरोग्यधामे बांधण्याचे ठरविले. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती उभी राहिली. ग्लॅनमायर व मर्लिन पार्क ही त्यांतीलच दोन होत. युद्धोत्तर काळातील गरीब राष्ट्राला सुमारे दहा वर्षांत जे जमले, ते संपन्न राष्ट्राला का जमू नये, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो.

मात्र याच इतिहासाची दुसरी बाजूही पाहावी लागते. इमारती पूर्ण होईपर्यंत स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधांनी क्षयरोगाचे स्वरूप पालटले आणि पुढे त्या वास्तू अन्य कामांना लावाव्या लागल्या. एकाच हेतूने बांधलेले रुग्णालय त्या हेतूपेक्षा अधिक जगते. नव्या रुग्णालयांची रचना प्रारंभी दिवसभरात घरी परतणाऱ्या रुग्णांपुरतीच योजिली आहे. ज्यांना एक-दोन रात्री रुग्णालयात राहावे लागते, असे वृद्ध व गुंतागुंतीचे रुग्ण त्यामुळे पुन्हा त्याच गर्दीच्या रुग्णालयांत राहतील. वैद्यकीय तज्ज्ञांनी या मर्यादेवर घेतलेला आक्षेप म्हणूनच दुर्लक्षिता येत नाही.

पर्यायांचे मूल्यमापन

भव्य वास्तू हा एकमेव मार्ग नाही. डब्लिनच्या टॅला येथे डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या रीव्ह्ज दिवसकालीन शस्त्रक्रिया केंद्राने लहान प्रमाणावर प्रवाह वेगळे करून दाखविले. त्या धर्तीवर शस्त्रक्रिया केंद्रे उभारण्याचा निर्णय पुढे झाला. स्कॉटलंडने तर १९९४ मध्ये खासगी म्हणून उघडलेले क्लायडबँकचे रुग्णालय २००२ मध्ये विकत घेऊन नियोजित उपचारांचे राष्ट्रीय केंद्र बनविले. तथापि, त्याच स्कॉटलंडने २०२४ मध्ये निधीअभावी काही नव्या उपचार केंद्रांचे काम थांबविले.

शिवाय, शस्त्रक्रियागृह बांधता येते. भूलतज्ज्ञ आणि परिचारिका बांधता येत नाहीत. नव्या केंद्रांसाठी मनुष्यबळ जुन्या रुग्णालयांतूनच ओढले गेले, तर प्रतीक्षायादी केवळ एका दारातून दुसऱ्या दारात सरकेल.

समारोप

नियोजित व तातडीचे उपचार वेगळे करण्याचे तत्त्व निःसंशय योग्य आहे. उणीव तत्त्वात नसून क्रमात आहे. लहान केंद्रे प्रथम, मुक्कामाची सोय असलेली व पुढे बदलता येईल अशी रचना त्यानंतर, आणि मनुष्यबळाची भरती प्रारंभापासून, असा क्रम अधिक हितावह ठरला असता. प्रकल्पाला मंजुरी देताना बांधकामाच्या खर्चाबरोबर विलंबाचा खर्चही मांडणे बंधनकारक केले पाहिजे. अन्यथा १२ आठवड्यांचे अभिवचन अहवालातच राहील आणि ज्याला खासगी उपचार परवडतात तोच वेळेवर बरा होईल. गरजेनुसार उपचार या सूत्राचा त्याहून मोठा पराभव नाही.